भोपाळच्या आकाशात ग्रह ओळखायचा कसा? घरचं पंचांग आणि चार मिनिटांचा हिशेब

भोपाळ : पश्चिमेला एखादा ठळक तारा दिसू लागला की मोबाईलवर मेसेज सुरू होतात. ‘आज सगळे ग्रह एका ओळीत’, ‘आज मंगळ चंद्राएवढा’. लोक गच्चीवर जातात आणि निराश होऊन खाली येतात. मंगळाचा मेसेज तर २००३ पासून दर ऑगस्टला फिरतोय. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरच्या थोडा पलीकडे आला होता. तेव्हाही तो चंद्राच्या सत्तराव्या हिश्शाएवढाच रुंद होता. म्हणजे नुसत्या डोळ्यांना ठिपकाच.

पण खरे ग्रह बघायला दुर्बीण लागत नाही. घरातलं पंचांग पुरतं.

कुठे बघायचं?

ग्रह सूर्य-चंद्राच्याच वाटेने जातात. पूर्वेला उगवून, डोक्यावरून किंवा थोडं दक्षिणेकडून पश्चिमेला मावळतात. उत्तरेला ध्रुवाजवळ ते कधीच नसतात. कर्कवृत्त भोपाळच्या थोडं उत्तरेला, विदिशा रस्त्यावरून जातं. त्यामुळे मिथुन राशीतला ग्रह इथे जवळजवळ डोक्यावर येतो. धनू राशीतला मात्र दक्षिणेला अर्ध्या उंचीपर्यंतच चढतो. दुसरी खूण अशी, की तारे लुकलुकतात, ग्रहाचा प्रकाश सहसा स्थिर असतो.

शुक्र सर्वांत तेजस्वी. तो सूर्याला सोडून फार लांब जात नाही, म्हणून मध्यरात्री डोक्यावर दिसला तर तो शुक्र नव्हेच. बुध त्याहून लाजरा, क्षितिजालगतच दिसतो. त्याला शोधायला समोर इमारती नकोत. व्हीआयपी रोडवरून बड्या तलावाच्या पाण्यावर पश्चिमेकडे बघा, शहरात यासाठी उत्तम जागा. पहाटेचे ग्रह बघायचे तर रायसेन रोडने शहराबाहेर पडा.

चंद्राला पत्ता विचारा

गुरू, शनी, मंगळ ओळखायला सोपी युक्ती आहे. ग्रह कोणत्या राशीत आहे ते पंचांगात असतं. चंद्र रोज कोणत्या राशीत आहे, हेही असतं. दोघांची रास एक झाली की त्या रात्री ग्रह चंद्राच्या आसपासच सापडणार. एक रास तीस अंशांची. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. म्हणजे चंद्रापासून तीन मुठींच्या आत शोधायचं.

उदाहरण घ्या. शनी मार्च २०२५ च्या शेवटी मीन राशीत आला. एका राशीत तो सुमारे अडीच वर्षं असतो. साडेसातीचा हिशेबही हाच, तीन राशी गुणिले अडीच वर्षं. मग पंचांगात ‘चंद्र मीन’ दिसलं की त्या रात्री बाहेर पडायचं. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे दर महिन्याला संधी मिळते. फक्त सूर्यच त्या राशीत किंवा शेजारी असेल तर ग्रह त्याच्या उजेडात हरवतो.

आपली पंचांगं निरयन असल्याने त्यातली रास आकाशातल्या तारकासमूहाशी ढोबळमानाने जुळते, म्हणून ही युक्ती चालते.

वेळ आपल्या गावची

बातमीत छापलेली वेळ बहुतेकदा मुंबई किंवा दिल्लीची असते. घड्याळ देशभर एक, आकाश मात्र गावागणिक वेगळं. हिशेब सोपा आहे : एक रेखांश म्हणजे चार मिनिटं. मुंबई ७२.९ अंशांवर, भोपाळ ७७.४ वर. फरक साडेचार अंशांचा, म्हणजे १८ मिनिटं. मुंबईत गुरू रात्री ८ वाजता उगवणार असेल तर भोपाळला ७.४२ च्या सुमारास, नागपूरला ७.३५ ला आणि बेळगावला ७.५४ ला. अक्षांशामुळे यात आणखी काही मिनिटं इकडेतिकडे होतात. बुधासारखा ग्रह थोडाच वेळ दिसतो, तिथे ही मिनिटं चुकली तर ग्रह चुकला.

उज्जैनचं उदाहरण

हे सगळं आपल्याला परकं नाही. शेजारच्या उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी ती १९२३ मध्ये दुरुस्त करवली आणि पुढे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिचं काम सांभाळलं. सिंहस्थही ग्रहावरच ठरतो. गुरू सिंह राशीत आला की नाशिक आणि उज्जैनला मेळा भरतो. नाशिकला सूर्यही सिंहेत असतो, म्हणून मुख्य पर्वाच्या सुमारास गुरू सहसा दिसत नाही. उज्जैनला सूर्य मेषेत असतो, त्यामुळे गुरू संध्याकाळीच आकाशात असतो. २०१६ मध्ये तसंच होतं आणि २०२८ मध्येही तसंच असेल. लाखो लोक ज्या ग्रहासाठी क्षिप्रेवर जमतात, तो वर मान केली की दिसतो.

तोवर थांबायचंही कारण नाही. आज रात्री पंचांगात चंद्राची रास बघा. त्याच राशीत कोणता ग्रह लिहिलाय ते बघा. मग मुलांना घेऊन गच्चीवर जा. पुढचा मेसेज खरा की खोटा, हे तेच तुम्हाला सांगतील.