फलाट क्रमांक एकोणतीस

न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्टेशनात गाड्या उभ्या राहण्यासाठी २१ रूळमार्ग होते. 'चॅटनूगा चू चू' या गाण्यातली गाडी मात्र एकोणतिसाव्यावरून सुटते. त्या नावाची गाडीही कुठल्या वेळापत्रकात नव्हती. नसलेल्या फलाटावरून सुटणारी ही नसलेली गाडी १९४१ मध्ये अमेरिकेने डोक्यावर घेतली, आणि बरोबर त्याच वर्षी खऱ्या गाड्या सैनिकांनी भरायला लागल्या.

चू चू म्हणजे आपली झुकझुक. चॅटनूगा हे टेनेसी राज्यातलं जंक्शनचं गाव, तिकडचं भुसावळ म्हणा. गाणं साधंच आहे. एक माणूस न्यूयॉर्कच्या स्टेशनावर बूटपॉलिश करणाऱ्या पोराला गाडीची चौकशी करतो, गाडीत बसतो, वाटेत मासिक चाळतो, डायनिंग कारमध्ये जेवतो आणि गावी वाट पाहणाऱ्या मुलीकडे पोहोचतो. आपल्याकडे आगगाडी मामाच्या गावाला नेते, ही प्रेयसीच्या गावाला. फरक तेवढाच.

चाल हॅरी वॉरनची, शब्द मॅक गॉर्डनचे. वॉरनचं मूळ नाव साल्वातोरे ग्वाराञा. इटलीतून आलेल्या, बूट शिवणाऱ्या बापाचा हा ब्रुकलिनमधला मुलगा. त्याच्या चाली साऱ्या जगाने गुणगुणल्या, पण त्याचं नाव विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. चाल वॉरनची असली तरी आपण जे ऐकतो ते ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाचं, आणि त्याची वाद्यरचना जेरी ग्रे याची. सुरुवातीला पितळी वाद्यं शिट्टी देतात, ताल जड पावलांनी हलतो आणि हळूहळू वेग धरतो. वाफेचं इंजिन ज्याने पाहिलं नाही त्यालाही ते इथे ऐकू येतं. मग टेक्स बेनेकी हा सॅक्सोफोनवादक पुढे होऊन गायला लागतो. त्याचा आवाज बेताचाच, पण शेजारच्या माणसासारखा. हाच आवाज या गाण्याला हवा होता. एखाद्या मोठ्या गायकाने ते गायलं असतं तर गाडीत सामान्य उतारूला जागा उरली नसती, असं मला दरवेळी वाटतं.

ध्वनिमुद्रण झालं ७ मे १९४१ रोजी, हॉलिवूडमध्ये. ज्या चित्रपटासाठी झालं तो 'सन व्हॅली सेरेनेड' ऑगस्टमध्ये आला. नायिका सोन्या हेनी, बर्फावरच्या स्केटिंगमध्ये ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं मिळवलेली नॉर्वेची खेळाडू. चित्रपटात ती युद्धामुळे अनाथ झालेली नॉर्वेजियन निर्वासित. युरोप जळत होता, अमेरिका अजून काठावर होती, आणि चित्रपट काढणाऱ्या फॉक्स कंपनीला युद्ध एवढंच हवं होतं: नायिका परदेशातून येण्याचं एक कारण. गंमत म्हणजे आयडाहोतलं सन व्हॅली हे बर्फाळ विश्रामस्थळही एका रेल्वे कंपनीनेच वसवलं होतं. युनियन पॅसिफिकला उतारू हवे होते, म्हणून तिने १९३६ मध्ये डोंगरात हॉटेल उघडलं.

गाणं रेडिओवर मात्र फारसं वाजत नव्हतं. गीतकार-संगीतकारांची अॅस्कॅप ही संस्था आणि रेडिओ कंपन्या यांच्यात मानधनावरून भांडण जुंपलं होतं. १ जानेवारी १९४१ पासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत बहुतेक बड्या कंपन्यांनी संस्थेच्या सभासदांची गाणी वाजवलीच नाहीत, आणि वॉरन-गॉर्डन सभासद होते. त्यामुळे आधी चित्रपटगृहांनी आणि नाणं टाकून तबकडी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सनी हे गाणं गावोगाव नेलं. भांडण मिटलं, रेडिओ मोकळा झाला आणि गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर बाँब टाकले.

एकूण नऊ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या नऊ आठवड्यांत गाण्याचा एक शब्दही बदलला नाही, बदलला तो ऐकणारा. मे महिन्यात हा एका चैनी माणसाचा प्रवास होता. जानेवारीत तोच सुट्टीवर घरी निघालेल्या शिपायाचा झाला. लिहिणाऱ्यांच्या मनात यातलं काहीही नव्हतं.

तबकडी ब्लूबर्ड या स्वस्त शिक्क्याची, ३५ सेंटची. गाणं तिच्या दुसऱ्या बाजूला होतं. पहिली बाजू त्याच चित्रपटातल्या एका हळुवार गाण्याला दिली होती. बाजू ठरवणाऱ्या साहेबांची नंतर किती थट्टा झाली असेल! १० फेब्रुवारी १९४२ रोजी, खप १२ लाखांवर गेल्याबद्दल कंपनीने रेडिओच्या कार्यक्रमात मिलरला सोनेरी मुलामा दिलेली तबकडी भेट दिली. 'गोल्डन डिस्क' म्हणून आज जो मान मिरवला जातो, त्यातली ही पहिली.

पुढे दोन महिन्यांत मुलाम्याखालचा मालच दुर्मीळ झाला. ७८ फेऱ्यांची तबकडी ज्या शेलॅकची होते, ती आपली लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बसणाऱ्या बारीक किड्यांचा हा स्राव, आणि जगाला तो पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान, त्यातही छोटा नागपूरचा जंगलपट्टा. युद्धात लाख दारूगोळ्याच्या कामासाठीही लागू लागली आणि समुद्रवाटाही धोक्याच्या झाल्या. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीचा वापर ७० टक्क्यांनी कापला. जुनी तबकडी द्या, नवी घ्या, असा व्यवहार दुकानांत सुरू झाला. अमेरिकेतल्या पोरांच्या नाचाखाली आपल्या जंगलातल्या बायाबापड्यांनी खरवडून काढलेली लाख होती, हे नाचणाऱ्यांना कळायचं कारण नव्हतं. ऑगस्टमध्ये वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार घातला. लाख नाही, वादकही नाहीत. मोठ्या वाद्यवृंदांच्या पडतीची कारणं शोधणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

सोनेरी तबकडी मिळाली त्या फेब्रुवारीतच ऑस्करचा समारंभ झाला. गाण्याला नामांकन होतं, बक्षीस मात्र संगीतकार जेरोम कर्नच्या पॅरिसवरच्या गाण्याला गेलं. पॅरिस जर्मनांच्या हाती पडलं होतं, मतं कुठे झुकली ते उघड आहे. खटकणारी गोष्ट एवढीच की ते गाणं चित्रपटासाठी लिहिलेलंच नव्हतं, आधीचंच होतं. खुद्द कर्नला हा निकाल पटला नाही, आणि पुढे नियमच बदलला: चित्रपटासाठी लिहिलेलं गाणंच चालेल. वॉरनला आगगाडीवरच्या गाण्यासाठी ऑस्कर मिळालं, पण पाच वर्षांनी, दुसऱ्या गाण्याला आणि दुसऱ्या रेल्वेला: 'ऑन द अॅचिसन, टोपीका अँड द सँटा फे'.

'सन व्हॅली सेरेनेड'मधला 'चॅटनूगा'चा तुकडा आज यूट्यूबवर सहज सापडतो. जवळजवळ आठ मिनिटांचा आहे आणि मधोमध दुभंगलेला आहे. पहिल्या अर्ध्यात मिलर आणि त्याचा सगळा गोरा वाद्यवृंद. मग दृश्य बदलतं, पडद्यावर स्टेशनचा देखावा येतो आणि फयार्ड आणि हॅरोल्ड हे निकोलस बंधू डोरोथी डँड्रिजबरोबर तेच गाणं नाचून दाखवतात. पाय फाकवून जमिनीला टेकायचं आणि हात न लावता उठायचं ही या भावांची खासियत. नाच पाहिल्यावर आधीचा अर्धा भाग तोंडी लावण्यापुरता वाटतो. हे तिघं काळे. मिलरचे वादक आणि हे नर्तक एका चौकटीत नाहीत. हॉलिवूडची तेव्हाची रीतच होती: काळ्या कलावंतांचा नाच कथेपासून सुटा ठेवायचा, म्हणजे दक्षिणेतल्या चित्रपटगृहवाल्यांना नको असेल तर कात्री लावता येते आणि कथा कुठे अडत नाही.

गाडी निघाली होती त्याच दक्षिणेला. गाण्यातल्या पोराला ज्या 'बॉय' शब्दाने हाक मारली आहे, तो तिथे पन्नाशीच्या काळ्या माणसालाही लावत. १९३१ च्या मार्चमध्ये चॅटनूगाहून मेम्फिसकडे निघालेल्या मालगाडीतून नऊ काळ्या मुलांना अलाबामात उतरवलं गेलं, बलात्काराचे खोटे आरोप झाले, आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. मृत्युदंड टळला, पण गाणं पहिल्या क्रमांकावर होतं तेव्हाही त्यांतले काही तुरुंगातच होते. अमेरिकेतल्या काळ्या श्रोत्याला चॅटनूगाची गाडी म्हटलं की आधी कोणती आठवत असेल?

डायनिंग कारची गोष्ट तर जशीच्या तशी जुळते. गाडीतल्या जेवणाची मजा गाण्यात चवीने सांगितली आहे. त्या गाड्यांतले शयनयान-सेवक बहुतेक काळे होते, आणि त्यांच्या संघटनेचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ. रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची धमकी दिली, आणि ध्वनिमुद्रणानंतर पण चित्रपटाच्या आधी, बरोबर त्या मधल्या काळात, २५ जून १९४१ रोजी अध्यक्ष रुझवेल्टना युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेद न करण्याचा आदेश काढावा लागला. आदेश पाळला जातो का हे पाहायला समिती नेमली गेली. १७ मे १९४२ रोजी याच समितीचा एल्मर हेंडरसन नावाचा काळा अधिकारी वॉशिंग्टनहून सदर्न रेल्वेने दक्षिणेकडे निघाला. जेवायला डायनिंग कारमध्ये गेला. काळ्यांसाठी स्वयंपाकघराला लागून टेबलं राखलेली असत, मध्ये पडदा. त्या टेबलांवर गोरे उतारू बसले होते आणि एक जागा मोकळी होती, ती त्याला दिली नाही. बोलावू म्हणाले, बोलावलं नाही. तो वॉशिंग्टनहून निघाला तसा उपाशीच राहिला आणि मग कोर्टात गेला. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण सर्वोच्च न्यायालयात, १९५० मध्ये. गाणं तीन मिनिटांत मुक्कामी पोहोचतं, हेंडरसनचं जेवण पोहोचायला आठ वर्षं लागली.

हे कळल्यावरही मला गाणं आवडेनासं झालं नाही. पण आता डायनिंग कारचा उल्लेख आला की पडदा दिसतो.

मिलर लष्करात गेला. २७ सप्टेंबर १९४२ रोजी न्यू जर्सीत शेवटचा कार्यक्रम केला आणि देशातला सर्वांत यशस्वी वाद्यवृंद मोडला. हवाई दलात त्याने नवा उभारला. १९४४ च्या शरदात लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत त्याने जर्मन सैनिकांसाठी खास कार्यक्रम मुद्रित केले. जर्मन भाषा येत नसताना उच्चार पाठ करून बोलला. नाझींनी बंदी घातलेलं संगीत शत्रूच्या खंदकात पाठवण्याची ही युक्ती. १५ डिसेंबरला पॅरिसला जायला तो इंग्लंडमधून एका लहान विमानात बसला. हवा धुकट होती. विमान इंग्लिश खाडीवरून पुढे गेलंच नाही, अवशेषही सापडले नाहीत. त्याचं वय ४० होतं.

जर्मनीत मात्र गाडी पोहोचली. १९४७ मध्ये बुली बुलान या गायकाने याच चालीवर ड्रेस्डेनजवळच्या क्योचेनब्रोडाला जाणाऱ्या गाडीचं गाणं केलं: खचाखच गर्दी, रखडत जाणारं इंजिन, पडझड झालेला देश. १९८३ मध्ये पश्चिम जर्मन गायक उडो लिंडेनबर्गने तीच चाल घेऊन पूर्व जर्मनीचे सत्ताधारी एरिक होनेकर यांना टोमणा मारला: मला तुमच्याकडे गायला का येऊ देत नाही? त्याच ऑक्टोबरात त्याला पूर्व बर्लिनला गायला बोलावलं, पण हे गाणं गायचं नाही या अटीवर.

मुंबईत हे संगीत वेगळ्या वाटेने पोहोचलं. गायिका-नटी कार्मेन मिरांडाने १९४२ च्या एका चित्रपटात 'चॅटनूगा चू चू' पोर्तुगीजमध्ये गायलं होतं. पुढे त्याच बाईंच्या 'डॉल फेस' चित्रपटातल्या गाण्यावरून पुणतांब्याच्या अण्णा चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, 'समाधी'तलं 'गोरे गोरे' सुचलं. ते वाजवणारे वादक कुठून आले, तर गोव्यातून. चर्चच्या शाळेत सुरांच्या रेघोट्या वाचायला शिकलेली, हॉटेलांतल्या नाचाच्या वाद्यवृंदांत जॅझ वाजवलेली ही मंडळी. हळदोण्याचा आंतोनियो वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांतला एक. 'अलबेला'मधलं 'शोला जो भडके' लावा आणि पितळी वाद्यांकडे कान द्या.

पेनसिल्व्हेनिया स्टेशनची दिमाखदार इमारत १९६३ पासून पाडायला घेतली. चॅटनूगाच्या टर्मिनल स्टेशनातून शेवटची उतारू गाडी ११ ऑगस्ट १९७० रोजी सुटली. स्टेशन मोडायला निघालं होतं, ते काही जणांनी विकत घेऊन १९७३ मध्ये हॉटेल केलं, डब्यांच्या खोल्या केल्या आणि गाण्याचंच नाव दिलं. आज न्यूयॉर्कहून चॅटनूगाला आगगाडीने जाता येत नाही.