मानेतली गाठ आणि चार काचपट्ट्या



यंदाच्या विज्ञान दिनी आपल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे मुलांची रांग लागली होती, हे घरोघरी कळलेच असेल. शहरातल्या एका रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करणाऱ्या आपल्या एका पालक भगिनी त्या दिवशी शिकवण्यासाठीच्या चार काचपट्ट्या घेऊन आल्या होत्या. तीन पट्ट्यांवर मानेतल्या गाठीचे काप होते, चौथीवर रक्ताचा थेंब पसरलेला होता. नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, पहिल्या तिघींत कॅन्सर कुठला?" बाई म्हणाल्या, "तूच सांग." पाऊण तास गेला, कोणालाही खात्रीने सांगता आले नाही. आम्ही तर मोठ्या गंभीर चेहऱ्याने चुकीच्या पट्टीवर बोट ठेवले. मुले अजून त्यावरून हसतात.

पण आम्हाला त्या वेळी आपला एक जुना विद्यार्थी आठवत होता. काही वर्षांपूर्वी तो दहावीत असताना त्याच्या मानेवर गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी बारीक ताप, रात्री अंगाला घाम, वजन उतरलेले. एका डॉक्टरांनी टीबी समजून औषधे सुरू केली. गाठीचा तुकडा काढून कोणी तपासला नाही. चार महिने औषधे घेऊनही गाठ वाढतच गेली. याच काळात हजेरी कमी भरली म्हणून शाळेने त्याच्या वडिलांना कडक शब्दांत पत्र पाठवले. त्या पत्रावर सही आमची होती. पाचव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी गाठ काढून तपासायला दिली आणि उत्तर आले : हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग.

अशी चूक का होते, आणि ती काचपट्टीवर कशी उलगडते, हे या अंकात थोडे सविस्तर सांगावेसे वाटते.

पायात काटा रुतून पिकला की जांघेत गाठ येते, तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. घसा बिघडला, दाढ किडली की जबड्याखाली येणारी गाठही त्याच जातीची. मानेत मण्यांच्या माळेसारख्या गाठी आल्या तर जुनी माणसे गंडमाळ म्हणत. ती बहुतेक वेळा क्षयाची असते. तिसऱ्या, कर्करोगाच्या गाठीला मात्र घरगुती शब्दच नाही. शब्द नाही म्हणून तो विचारही चटकन मनात येत नाही, असे आमचे मत आहे.

तिन्ही गाठी एकाच ठिकाणी होतात. आपल्या मानेत, काखेत, जांघेत, छातीत आणि पोटात घेवड्याच्या दाण्यासारख्या शेकडो लसिकाग्रंथी असतात. शरीरात शिरलेल्या जंतूंना अडवायच्या या चौक्या, आणि तिथले शिपाई म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'कोशिका' शिकलो, आणि हिंदीत 'पेशी' म्हणजे कोर्टातली तारीख. हैदराबादेत तर पेशी म्हणजे मंत्र्यांचे कार्यालय! या शाळेत रुजू झाल्यावर मराठी पाठ्यपुस्तकात "शरीर पेशींचे बनलेले असते" हे वाक्य वाचून आम्ही क्षणभर थबकलो होतो.) जंतू आले की शिपाई वाढतात, ग्रंथी सुजते, काम झाले की ओसरते. ते अवधाण. जंतू क्षयाचा असेल आणि ठाण मांडून बसला तर गंडमाळ. आणि शिपाईच बिघडून, कोणाचा हुकूम नसताना, आपल्यासारखेच शिपाई वाढवू लागला तर तो लिम्फोमा. ताप, घाम, वजन घटणे ही लक्षणे क्षयातही दिसतात आणि लिम्फोमातही. बाहेरून हात लावून अंदाज बांधता येतो, निवाडा करता येत नाही.

निवाड्यासाठी गाठ काचेवर यावी लागते. शल्यचिकित्सक शक्यतो पूर्ण ग्रंथी काढतात आणि ती फॉर्मालिनमध्ये बुडवून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे तिच्यातले पाणी काढून तिला मेणात बसवतात आणि त्या मेणाच्या वडीचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात. आपल्या डोक्यावरचा केसही याच्या कितीतरी पट जाड असतो. काप रंगहीन असतो, म्हणून दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. एवढ्या दोन रंगांत सगळी कथा लिहिलेली असते.

सुईने पेशी खेचून करायची तपासणीही आहे, आणि क्षय ओळखायला ती पुष्कळदा पुरते. पण सुईत सुट्या पेशी येतात, ग्रंथीची रचना येत नाही. विटा पाहून घर कसे होते ते सांगायचे, तसे ते आहे. लिम्फोमाची शंका असेल तर डॉक्टर पूर्ण गाठ मागतात ते याचसाठी. "चाकू लावला की रोग पसरतो" ही भीती आमच्याही घरात होती. लसिकाग्रंथीच्या बायोप्सीने लिम्फोमा पसरत नाही. उलट, तपासणीआधीच स्टेरॉइड दिली तर गाठ तात्पुरती बसते, पेशी विरतात आणि काचेवर वाचायला काही उरत नाही.

आता त्या तीन पट्ट्या.

पहिली अवधाणाची. गजबज खूप, पण रचना शाबूत. कडेला लहानमोठी गोल वर्तुळे, त्यांच्या मध्याला फिकट भाग, आणि त्या फिकट भागात मेलेल्या पेशींचा कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी. बाजाराच्या दिवशी सुलतान बाजार जसा दिसतो तशी : गर्दी आहे, पण प्रत्येक दुकान आपल्या जागी.

दुसरी क्षयाची. मधोमध गुलाबी, निर्जीव, पनीरच्या चुऱ्यासारखा भाग. त्याभोवती लांबट पेशींचा वेढा, आणि त्यात राक्षसी आकाराच्या पेशी, ज्यांची अनेक केंद्रके घोड्याच्या नालासारखी कडेने मांडलेली असतात. वेगळा रंग दिला तर निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे लाल जंतूही कधी कधी सापडतात.

तिसरी हॉजकिनची, आणि हिनेच आम्हाला फसवले. कर्करोग म्हटल्यावर सगळीकडे भयंकर पेशी असतील अशी आमची समजूत. प्रत्यक्षात बहुतेक पेशी साध्याच, सूज आलेल्या जागी जमतात तशा. बिघडलेली पेशी शंभरात एखादी, कधी तेवढीही नाही. बाईंनी पट्टी हळूहळू सरकवली आणि मग ती दिसली : भोवतालच्या पेशींच्या कितीतरी पट मोठी, शेजारी शेजारी दोन केंद्रके, प्रत्येकात मोठा लालसर ठिपका आणि त्याभोवती फिकट कडे. घुबड समोरून रोखून पाहत असावे तशी. सातवीतला एक मुलगा दचकून मागे सरकला.

या पेशीला रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, आणि तिच्या नावातच आपल्या विद्यार्थ्याची कहाणी दडलेली आहे. लंडनच्या गाइज रुग्णालयातील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली या रोगाचे वर्णन केले ते नुसत्या डोळ्यांनी, शवविच्छेदनात पाहून. व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ साली ही मोठी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली, पण निष्कर्ष काढला की हा क्षयाचाच एक विचित्र प्रकार आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डोरोथी रीड या तरुण डॉक्टर स्त्रीने १९०२ साली दाखवून दिले की क्षय वेगळा आणि हा वेगळा. स्टर्नबर्ग यांची नजर तयार होती, हातात काचपट्टी होती, तरी ते चुकले. मग पट्टी न पाहताच औषध देणाऱ्याचे काय होणार?

त्याच १९०२ साली रोनाल्ड रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही सूक्ष्मदर्शकातून जे दिसले त्यासाठी. २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्याच सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. बेगमपेटेतली ती इमारत आजही उभी आहे. मुलांना तिथे एकदा न्यायचे आमच्या मनात आहे.

सगळे लिम्फोमा हॉजकिनसारखे लपत नाहीत. इतर अनेक प्रकारांत ग्रंथीची रचना पार पुसली जाते आणि एकाच साच्यातून काढल्यासारख्या पेशी सगळीकडे पसरतात. डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकांनी १९५८ साली युगांडातल्या मुलांमधला जो लिम्फोमा जगापुढे आणला, त्याच्या कापात गडद पेशींच्या दाटीत अधूनमधून फिकट पेशी चमकतात; पुस्तकात त्याला तारांकित आकाश म्हटले आहे. इतका देखणा शब्द इतक्या वेगाने वाढणाऱ्या रोगाला!

मात्र रूप पाहून दर वेळी भागत नाही. हॉजकिनमध्ये कधी कधी क्षयासारखे पुंजकेही असतात, आणि घुबडासारखी पेशी विषाणूंच्या काही आजारांतही भासते. म्हणून आता पेशीच्या अंगावरची पाटी वाचतात. विशिष्ट पाटीलाच चिकटणारी प्रतिपिंडे कापावर सोडतात. ती चिकटली की तिथे तपकिरी रंग उमटतो. सीडी-३० आणि सीडी-१५ या पाट्या हॉजकिनच्या बाजूने बोलतात, सीडी-२० बी-पेशीची, सीडी-३ टी-पेशीची. पाटीवरून औषधही ठरते. अहवाल यायला दिवस लागतात ते या कामामुळे. उशीर झाला म्हणून प्रयोगशाळेत जाऊन भांडू नये.

चौथी पट्टी रक्ताची. रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे ल्युकेमियात, बिघडलेल्या पेशी बहुतेक वेळा रक्तातच दिसतात. लिशमनच्या रंगात अपक्व पेशी मोठ्या, जवळजवळ पूर्ण केंद्रकाने भरलेल्या असतात. एका प्रकारात त्यांच्यात काडीसारख्या लाल रेषाही असतात. पण हॉजकिनमध्ये रक्ताची पट्टी अगदी सामान्य निघू शकते. "रक्त तपासले, सगळे नॉर्मल आहे" एवढ्यावर मानेतली गाठ विसरू नये.

या शास्त्राचा आपल्या देशात पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आपल्याच भाषेचे. मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. हैदराबादेत रेड हिल्सचे सरकारी एम. एन. जे. कर्करोग रुग्णालय १९५५ पासून आहे, आणि पंजागुट्ट्याला निम्स आहे. म्हणजे काचपट्टी वाचणारी माणसे आपल्यापासून बसच्या अंतरावर आहेत.

पालकांनी घाबरून जाऊ नये. मुलांच्या मानेतल्या बहुतेक गाठी अवधाणाच्याच असतात आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. पण महिना झाला तरी गाठ आहे, वाढते आहे, सुपारीहून मोठी आहे, न दुखता रबरासारखी घट्ट लागते, किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर आहे, तर डॉक्टरांना सरळ विचारावे, "तुकडा तपासायचा का?" असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. आणि क्षयाची औषधे तपासणी होऊन सुरू झाली असतील तर ती मुळीच मध्येच सोडू नयेत.

आपल्या विद्यार्थ्याला सहा महिने केमोथेरपी घ्यावी लागली. त्यातले एक औषध, व्हिनब्लास्टिन, मूळचे सदाफुलीतून मिळालेले. फाटकाजवळच्या वाफ्यात तीच फुलते. (पाने कोणीही चावून पाहू नयेत, ती विषारी आहेत.) हॉजकिन वेळेत ओळखला आणि उपचार पूर्ण केले तर बहुसंख्य मुले पूर्ण बरी होतात. तोही बरा झाला, एक वर्ष उशिरा दहावी झाला, आणि आता नोकरी करतो. मध्यंतरी दाखला न्यायला आला तेव्हा आम्ही त्या पत्राबद्दल त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सर, ते पत्र बाबांनी मला दाखवलंच नव्हतं."

हजेरीचे पत्र पाठवण्याआधी वर्गशिक्षकांनी घरी फोन करून कारण विचारावे, असा ठराव आम्ही विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत मांडणार आहोत. दुसरी विनंती सूक्ष्मदर्शकांची. आपल्याकडे तीन आहेत, पण ४० पट मोठे दाखवणारे भिंग एकाचेच स्वच्छ आहे.

बाईंनी त्या चार पट्ट्या शाळेला भेट दिल्या आहेत. त्या प्रयोगशाळेच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात लाकडी पेटीत आहेत. आठवी ते दहावीच्या मुलांना शनिवारी मधल्या सुट्टीनंतर पाहता येतील. तिसऱ्या पट्टीवर घुबड कुठे आहे ते बाईंनी मागच्या बाजूने शाईच्या ठिपक्याने दाखवले आहे. ठिपका कृपया पुसू नये.