वाचायचे की पाहायचे? इंटरनेटवरील माहितीचा मागोवा

इंटरनेटवरची माहिती वाचावी की पाहावी, हा प्रश्न वेबच्या पहिल्या दशकात फारसा पडत नसे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत उभारलेले वेब १९९१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते म्हणजे एकमेकांना जोडलेली मजकुराची पाने होती. पानातच चित्रे दिसण्याची सोय रुळली ती १९९३ च्या मोझॅक ब्राउझरमुळे. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा स्वस्तातल्या ‘शेल’ खात्यावर फक्त अक्षरे दिसत. टेलिफोनच्या तारेवरून साधे छायाचित्र उतरायलाही वेळ लागे, तिथे व्हिडिओ दूरच राहिला.

मराठी मजकुरापुढे आणखी एक अडचण होती. विविध लिप्यांसाठीच्या युनिकोड या सामायिक संकेतप्रणालीच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले, पण ते सर्रास वापरात यायला दशकाहून अधिक काळ गेला. तोवर बहुतेक मराठी संकेतस्थळांचे फॉण्ट वेगवेगळे होते. नेमका फॉण्ट संगणकात नसेल तर पानावर निरर्थक चिन्हे उमटत आणि शोधयंत्रालाही त्यातले मराठी शब्द ओळखता येत नसत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. युनिकोड रुळल्यावर मराठी शब्द टाकून मराठी मजकूर शोधणे सोपे झाले.

याच सुमारास व्हिडिओने जोर धरला. २००५ मध्ये सुरू झालेले यूट्यूब पुढच्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलरना विकत घेतले. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींचा निकष बदलला. व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला महत्त्व आले. मध्ये जाहिरात टाकण्यासाठी व्हिडिओ किमान दहा मिनिटांचा असावा लागे. २०२० मध्ये ही अट आठ मिनिटांवर आली. त्यामुळे दोन ओळींत संपणारे उत्तर ताणण्यात निर्मात्याचा फायदा होता. प्रास्ताविक, प्रायोजकाची जाहिरात आणि ‘सबस्क्राइब करा’ची विनवणी यांतून वाट काढत उत्तरापर्यंत पोहोचावे लागते, ही तक्रार याच अर्थकारणातून आली.

वृत्तमाध्यमेही व्हिडिओकडे वळली. २०१६-१७ च्या सुमारास अमेरिकेतील अनेक प्रकाशनांनी लेखकांना कमी करून व्हिडिओवर पैसा लावला. त्यामागे फेसबुकचे आकडे असल्याचे मानले जाते. व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ काढताना तीन सेकंदांपेक्षा कमी पाहिलेले प्रसंग वगळल्याने तो फुगला होता, हे फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये मान्य केले. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१८ च्या पाहणीत ४७ टक्के अमेरिकनांनी बातम्या पाहणे पसंत केले आणि ३४ टक्क्यांनी वाचणे. मात्र पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांचा ओढा टीव्हीकडे होता, तर वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचा इंटरनेटकडे.

भारतात ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची मोबाइल सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. ज्यांना वाचणे अवघड जाते किंवा मराठी टंकलेखन जमत नाही, त्यांनाही व्हिडिओतून माहिती घेता-देता येऊ लागली. शेती, पाककृती, सरकारी योजना अशा विषयांवर मराठी व्हिडिओ भरभरून आले. मोदकाच्या कळ्या पाडणे किंवा नऊवारी नेसणे शिकायचे तर हातांची हालचाल दिसायलाच हवी, तिथे व्हिडिओच सरस ठरतो.

याउलट योजनेला लागणारी कागदपत्रे, औषधाची मात्रा किंवा संगणकाची आज्ञा हवी असेल, तर मजकूर पुढे जातो. इंग्रजीत मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २४० शब्द आहे, तर बोलण्याचा सुमारे १५०. पण वेगापेक्षा ताबा महत्त्वाचा आहे. वाचणारा नको तो परिच्छेद ओलांडतो, अडला तर थांबतो, हवा तो शब्द शोधतो, आज्ञा जशीच्या तशी उचलतो. मजकुरातला आकडा चुकला तर तेवढाच बदलता येतो. व्हिडिओत ते सहज जमत नाही. अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर मजकूर वाचून दाखवतो, कर्णबधिर व्यक्तीला तो थेट वाचता येतो. वेब सुगम्यतेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ध्वनी आणि चित्रांना मजकुराचा पर्याय देण्यास सांगितले होते.

व्हिडिओनेही पुढे मजकुराच्या सोयी आपल्याशा केल्या. यूट्यूबवर २००९ मध्ये स्वयंचलित उपशीर्षके आली, २०२० मध्ये प्रकरणे आली. बोलण्याची लिखित संहिता, वेग वाढवण्याची सोय, वर्णनात दिलेली सामग्रीची यादी यांनी वाचकाचा गेलेला ताबा थोडाफार परत दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे एआय साधन आले आणि थेट उत्तर पुन्हा लिखित रूपात मिळू लागले. अशी साधने लांबलचक व्हिडिओचा सारांशही बहुधा त्याच्या संहितेवरूनच काढून देतात.