रिमोट चालत नाही? फेकण्याआधी मोबाईलचा कॅमेरा लावून बघा

जोतिबा (ता. पन्हाळा) : चैत्र यात्रेत गुलाल उधळला की डोंगरावरच्या घरा-दुकानांत त्याची धूळ बसतेच. टीव्हीचा साधा रिमोट चालेना, तर कारण हा थरही असू शकतो. रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशानं इशारा देतो. प्रकाश अडला की इशाराही अडला. १९९० मध्ये आलेल्या एचपी-४८ एसएक्स या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवरून याच प्रकाशानं शेजारच्या कॅल्क्युलेटरला माहिती जायची. ना वायर, ना टॉवर!

तपासायचं कसं? रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोटचा दिवा चालू आहे. मग टीव्हीचा सेन्सर कोरड्या कपड्यानं पुसा. ठिपका दिसला नाही तर आधी सेल बदला.