चोचीतून सुटलेली लीडा

येट्सचं ‘लीडा अँड द स्वॉन’ हे सुनीत मी कॉलेजात असताना सुंदर म्हणून वाचलं होतं. परवा, निवृत्तीनंतरच्या निवांतपणी, पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

कथा वाचकांना ठाऊक असेलच. स्पार्टाची राणी लीडा. राजहंसाचं रूप घेऊन झ्यूस तिच्यावर झडप घालतो. त्यातून हेलन जन्मते आणि तिच्यापायी ट्रॉय जळतं. लीडाचीच दुसरी मुलगी क्लायटेम्नेस्ट्रा. ती आपल्या नवऱ्याचा, ॲगमेम्नॉनचा, खून करते. येट्स तेव्हा आयर्लंडच्या सिनेटचा सदस्य होता. एका मित्राच्या राजकीय नियतकालिकासाठी तो लिहायला बसला; पण पक्षी आणि स्त्री यांनी मनाचा असा ताबा घेतला की राजकारण गळूनच गेलं, असं त्यानंच नोंदवलं आहे. १९२४ साली छापलेली ही कविता प्रश्नावर संपते. देवाच्या त्या बळाबरोबर लीडाला त्याची दृष्टीही मिळाली, की ती नुसतीच वापरली गेली?

येट्स उत्तर देत नाही. एस्किलसच्या ‘ॲगमेम्नॉन’मध्ये (इ. स. पू. ४५८) ते ठणकावून दिलेलं आहे : भोगल्यावाचून शहाणपण नाही, हा झ्यूसचाच नियम. पण हे म्हणतात कोण? अर्गोसचे म्हातारे. वय झालं म्हणून युद्धावर न गेलेले, घरी राहिलेले! आणि लगोलग ते सांगतात ती हकिकत इफिजिनियाची. अनुकूल वारा सुटावा म्हणून बापानं तिला वेदीवर चढवलं. शाप देऊ नये म्हणून तोंड बांधून. तिनं काय शिकायचं होतं?

या म्हाताऱ्यांना मी हसत नाही. मीही काउंटरच्या आतल्या बाजूचाच. नवऱ्याच्या खात्यावर नॉमिनेशन नसलेली एक बाई आमच्या शाखेत आठ महिने खेटे घालत होती. हमीपत्र, प्रतिज्ञापत्र, वारस दाखला, सगळे नियम तिला तोंडपाठ झाले. मी कौतुकानं म्हणालो, “अहो, तुम्ही तर आमच्यापेक्षा हुशार झालात!” ती म्हणाली, “मला हौस नव्हती, साहेब.” तिची फाईल तेव्हा माझ्याच टेबलावर होती.

त्याच नाटकात कॅसांड्रा आहे. अपोलोनं तिला भविष्य पाहण्याची शक्ती दिली; तिनं त्याला नाकारलं, म्हणून तिच्यावर कुणाचाच विश्वास बसू नये असं केलं. युद्धात लुटून आणलेली ही राजकन्या ॲगमेम्नॉनच्या वाड्यासमोर उभी आहे. आत आपला जीव जाणार, हे तिला स्वच्छ दिसतं. रक्ताचा वास येतोय, असं ती म्हणते. म्हातारे समजूत घालतात, बळी दिलेत ना आत, त्याचा असेल.

ती आत जाते.