सर्व्हरलाही लागतात रिकाम्या खाटा

२८ एप्रिल २०२१. दुपारचे चार वाजले आणि अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविनवर लसीची नोंदणी खुली झाली. दुसऱ्या लाटेची धास्ती घराघरांत होती. लाखो लोक एकाच वेळी मोबाइल घेऊन बसले. कुणाला ओटीपी येईना, कुणाचे पान उघडेना. थोड्या वेळाने गाडी रुळावर आली आणि त्या एका दिवसात सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. पण सुरुवातीलाच दारात गर्दी का तुंबावी?

त्यासाठी क्लाउड म्हणजे काय ते पाहू. आपली माहिती ढगात नसते. मोठ्या इमारतींत ओळीने लावलेल्या सर्व्हरमध्ये असते. हायपरवायझर नावाची प्रणाली एका खऱ्या सर्व्हरवर अनेक ‘आभासी’ संगणक चालवते. वॉर्डात पडदे लावलेल्या खाटा असतात तसेच हे. पडदा प्रत्येकाचा वेगळा, पण परिचारिका आणि ऑक्सिजनची वाहिनी सामाईक. सगळे एकदम काम मागणार नाहीत, या भरवशावर प्रोसेसर बऱ्याचदा प्रत्यक्षात आहेत त्याहून जास्त वाटले जातात. शेजाऱ्याचे काम अचानक वाढले, की आपले रेंगाळते.

मग वाटायचे किती? हे गणित टेलिफोनच्या काळातले आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती ॲग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये येणाऱ्या कॉलचा शास्त्रीय अभ्यास मांडला. रांगांचे शास्त्र त्यातूनच वाढले. आज रुग्णालयातील खाटांच्या नियोजनालाही ते उपयोगी पडते.

केसपेपरची एक खिडकी घ्या. प्रत्येकाला सरासरी दोन मिनिटे लागतात. लोक मात्र कधीही येतात. खिडकी निम्मा वेळ व्यस्त असेल, तर रांगेसह सरासरी चार मिनिटांत काम होते. ऐंशी टक्के व्यस्त असेल तर दहा मिनिटे, नव्वदला वीस, पंचाण्णवला चाळीस! शेवटच्या पाच टक्क्यांत वेळ दुप्पट होतो. म्हणून थोडी मोकळी जागा ही उधळपट्टी नव्हे, राखीव ताकद आहे.

ती किती हवी, हे आधी संगणकावरच तपासता येते. मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेली ‘क्लाउडसिम’ ही प्रणाली त्यासाठीच आहे. एकही खरा सर्व्हर न लावता साध्या संगणकावर कल्पित डेटा सेंटर उभे करायचे, गर्दी सोडायची आणि काय कोलमडते ते पाहायचे.

मात्र मॉडेल गृहीतकांइतकेच खरे. लोक आपापल्या सोयीने येतील असे मानले आणि सगळे चारच्या ठोक्याला आले, तर सरासरीचे गणित फसते. नवे आभासी संगणक आपोआप सुरू करता येतात, पण त्यालाही वेळ लागतो. अपघातानंतर वीस जखमी एकदम आले, तर महिन्याची सरासरी काय कामाची? अशा वेळी जादा यंत्रे आधीच तयार ठेवावी लागतात, किंवा वयोगटानुसार वेगवेगळ्या वेळा देऊन गर्दी विभागावी लागते.

केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, डॉक्टरांचा सल्ला हे सारे आता ऑनलाइन होत आहे. नवी सेवा सुरू करताना ‘रोज सरासरी किती रुग्ण?’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘सर्वांत वाईट दिवशी, सर्वांत वाईट तासाला किती?’ हेही विचारायला हवे. आणि सर्व्हर अडलाच, तर खिडकीवर कागदाचा केसपेपर तयार हवा. रुग्णाला थांबायला सांगता येते, आजाराला नाही.