पंडित जितेंद्र अभिषेकी : परंपरा आणि नवनिर्मिती

पेडणे-डिचोलीकडील देवळांत सनई वाजू लागली की तिच्यामागे दुसऱ्या सनईचा एकच अखंड सूर आपण ऐकतो. दूरच्या आयर्लंडात पिशवीत हवा भरून वाजविल्या जाणाऱ्या पाइप वाद्यातही अशा अखंड सुराच्या नळ्या असतात. स्थिर सुराचा आधार असला म्हणजेच चाल मोकळेपणी विहार करू शकते. परंपरा आणि नवनिर्मिती यांचे नाते असेच असते. गोमंतकाचे थोर गायक व संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या चरित्रावरून ते आपल्याला उत्तम उमगते.

त्यांचा जन्म २१ सप्टेंबर १९२९ रोजी मंगेशी येथे झाला. वडील श्रीमंगेशाच्या देवळातील पुजारी व कीर्तनकार. त्यामुळे सूर, ताल आणि शब्दांचा शुद्ध उच्चार यांचे संस्कार घरातच झाले. आरंभी गिरिजाबाई केळेकर आणि पुढे गोव्याबाहेर अजमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित, गुलुभाई जसदनवाला अशा गुरूंकडे त्यांनी विद्या संपादन केली. मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागातही त्यांनी काम केले.

मराठी संगीत नाटकाची परंपरा १८८० च्या ‘शाकुंतला’पासूनची. परंतु पदे लांबत, ‘वन्समोअर’ पडत आणि कथानक जागच्या जागी थांबे. काळ बदलला, तसा प्रेक्षक दुरावू लागला. नाट्यसंगीत टिकणार की लोपणार, असा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी १९६४ साली दि गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. त्याला अभिषेकीबुवांनी संगीत दिले. त्यांची पदे आटोपशीर होती. राग शास्त्रशुद्ध असूनही शब्द आणि पात्राचा भाव यांनाच त्यांत अग्रमान होता. रामदास कामत व आशालता वाबगावकर या गोमंतकीय कलावंतांनी ती गाइली. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तर दोन घराण्यांची गायकी हाच नाट्याचा विषय, तेथे चालींतूनच स्वभावभेद प्रकट झाला.

बुवांनी शिष्यांना स्वतःच्या घरी ठेवून विद्यादान केले. प्रभाकर कारेकर, अजित कडकडे हे त्यांपैकीच. १९८८ साली त्यांना ‘पद्मश्री’ लाभली. ७ नोव्हेंबर १९९८ रोजी ते निवर्तले.

विद्यार्थीमित्रांनो, जुने टाकून नवे घडत नाही आणि जुने नुसते घोकूनही ते जिवंत राहत नाही. आधी मुळाशी जाऊन शिकावे, मग स्वतःची भर घालावी, हाच बुवांच्या जीवनाचा बोध होय.